तोंडात पक्षी, पण दात लागत नाही!

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, नाहीतर शेजारीपाजारी, लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आहे का? असेल तर एक गंमत तुम्ही नक्की पाहिली असणार. कुणी दारात पाऊल टाकलं रे टाकलं, की हे महाराज शेपटी हलवत आत पळतात आणि तोंडाला लागेल ती वस्तू उचलून पाहुण्यापुढे हजर होतात. कधी बाबांची चप्पल, कधी आजीची उशी, तर कधी कालचा धुतलेला मोजा!

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये शेरू नावाचा एक पिवळा लॅब्रॅडॉर होता. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यानं चक्क आजोबांचा चष्मा तोंडात धरून आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. मी घाबरतच चष्मा उचलला. लाळेनं बरबटला होता खरा, पण काचेवर साधा ओरखडासुद्धा नव्हता! त्या घरातली सहावीतली मुलगी खो खो हसत म्हणाली, ‘‘काका, घाबरू नका. आमचा शेरू चोर नाहीये, पोस्टमन आहे!’’

मग तिनंच विचारलं, ‘‘पण काका, हा सगळं तोंडात धरून का आणतो हो? आम्ही तर त्याला हे कधीच शिकवलं नाही.’’

प्रश्न अगदी बरोबर होता. शेरूला हे त्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आजोबा-पणजोबांच्याही कितीतरी पिढ्या आधी, सातासमुद्रापलीकडे, ते त्याच्या रक्तात उतरलं होतं. कसं ते बघायचं? चला तर मग, थोडं मागे जाऊ या.

चार प्रकारचे मदतनीस

शिकारी कुत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दात विचकून सशामागे सुसाट धावणारा कुत्रा, हो ना? तसे कुत्रे आहेतच. आपल्या सांगली-सोलापूरकडचा आणि कर्नाटकातल्या मुधोळ भागातला कारवानी कुत्रा त्याच जातकुळीचा. लांब पाय, निमुळतं तोंड, तीक्ष्ण नजर. तो शिकार डोळ्यांनी हेरतो आणि पाठलाग करून स्वतःच पकडतो.

पण युरोपात कुत्र्यांची एक निराळीच टोळी तयार झाली. तिला म्हणतात ‘गन डॉग’. म्हणजे बंदूकवाल्या माणसाचा जोडीदार. या कुत्र्यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांनी स्वतः शिकार करायचीच नाही! पक्षी कुठे दडलाय ते शोधायचं, तो उडवायचा किंवा पडलेला पक्षी आणून द्यायचा. मारायचं काम माणसाचं. आता विचार करा, समोर पक्षी आहे, पोटात भूक आहे, तरी त्याला तोंड लावायचं नाही, हे कुत्र्याच्या जातीला किती अवघड! तीच तर यातली सगळी गोम आहे.

या टोळीत मुख्यतः चार प्रकारचे मदतनीस असतात.

पहिला पॉइंटर. नावाचा अर्थच ‘दाखवणारा’. हा माळरानावर वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून नागमोडी धावतो. म्हणजे वाऱ्यावरून येणारा वास नेमका नाकात शिरतो. झुडपात तित्तिर दडून बसल्याचा वास आला, की पळता पळता हा जागच्या जागी थिजतो. मान ताठ, शेपटी ताठ, बहुतेक वेळा पुढचा एक पाय उचललेला. आपण ‘स्टॅच्यू’ खेळतो ना, अगदी तस्सा! त्याच्या नाकाच्या रेषेत बघा, पक्षी तिथेच असणार.

दुसरा सेटर. हा तर बंदुकीच्याही आधीपासून माणसाच्या मदतीला होता. तेव्हा पक्षी जाळ्यानं पकडत. पक्ष्याचा वास आला की सेटर जमिनीलगत दबून बसायचा. तो असा खाली बसला, की माणसं मागून येऊन कुत्र्याच्या अंगावरूनच जाळं पुढे ओढत न्यायची आणि पक्षी त्यात सापडायचा. पुढे जाळं गेलं नि बंदूक आली, पण दबून बसायची सवय काही सेटरांत टिकून राहिली.

तिसरा स्पॅनिएल. लोंबत्या लांब कानांचा, बुटका नि भलताच खटपटी. काटेरी झुडपात बिनदिक्कत घुसून पक्ष्याला भुर्रकन उडवणं हे त्याचं काम. कॉकर स्पॅनिएल तुम्ही पाहिला असेल. ‘वुडकॉक’ नावाच्या पक्ष्याच्या शिकारीत वापरायचे म्हणून तो ‘कॉकर’.

आणि चौथा आपल्या शेरूचा भाऊबंद, रिट्रीव्हर. म्हणजे ‘परत आणून देणारा’.

बंदूक बदलली, कुत्रा बदलला

रिट्रीव्हर या चौघांत सगळ्यात धाकटा. त्याच्या जन्माचं कारण मोठं मजेदार आहे. ते कारण म्हणजे बंदुकीत झालेली सुधारणा!

पूर्वीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरायची, मग छर्रे, मग ते ठासायचे. एकदा बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मागून काडतूस घालायच्या बंदुका आल्या. त्या झटपट भरता येऊ लागल्या. ब्रिटनमधले जमीनदार आणि उमराव एका जागी उभे राहायचे, नोकरचाकर रानातून पक्षी हाकून त्यांच्याकडे आणायचे आणि धडाधड बार निघायचे. पक्षी पडायचे दाट झाडीत, दलदलीत, नाहीतर गार पाण्यात. आता ते शोधून कोण आणणार? त्यासाठी वेगळाच कुत्रा हवा होता.

त्याच्यात काय काय गुण हवे होते, बघा हं. नाक तल्लख हवं. पाण्याची आवड हवी. बंदुकीच्या आवाजाला तो दचकता कामा नये. दहा पक्षी समोर पडले तरी मालकानं ‘जा’ म्हणेपर्यंत गुपचूप बसून राहायला हवं. दूर गेल्यावर मालकाच्या शिट्टीकडे आणि हाताच्या खुणेकडे लक्ष हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड ‘मऊ’ हवं. पक्षी उचलायचा, पण दात रुतवायचे नाहीत. उत्तम तयार केलेला रिट्रीव्हर कच्चं अंडंसुद्धा न फोडता तोंडात धरून आणू शकतो!

ज्या कुत्र्यांत हे गुण दिसले त्यांचीच पिल्लं वाढवायची, त्यातली पुन्हा गुणी निवडायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. शेतकरी जसं चांगल्या कणसाचं बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो, तसंच. म्हणून तर शेरूला चष्मा आणायला कुणी शिकवावं लागलं नाही!

कोळ्यांचा काळा कुत्रा

आता लॅब्रॅडॉरची जन्मकथा ऐका. त्याचं नाव पडलं कॅनडातल्या लॅब्रॅडॉर प्रदेशावरून, पण त्याचे पूर्वज मात्र शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे!

या बेटाभोवती कॉड नावाच्या माशांची मोठी मासेमारी चालायची. तिथल्या कोळ्यांकडे आखूड केसांचे, काळेभोर, मजबूत कुत्रे असायचे. सेंट जॉन्स या बंदरावरून त्यांना ‘सेंट जॉन्सचा कुत्रा’ म्हणत. गळातून निसटलेला मासा बर्फासारख्या पाण्यात उडी मारून पकडायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून ओढायची, अशी कामं ते करत. म्हणजे हे कुत्रे काही राजवाड्यात वाढलेले नव्हते. कोळ्यांबरोबर घाम गाळणारे कामकरी गडीच होते ते!

मासे घेऊन जहाजं इंग्लंडच्या पूल बंदरात यायची, त्यांच्याबरोबर हे कुत्रेही यायचे. तिथे माम्सबरी घराण्यातल्या उमरावांना ते फार आवडले. समुद्रातला मासा आणणारा कुत्रा तळ्यात पडलेलं बदक आणणारच की! त्यांनी हे कुत्रे जोपासले. पुढे १८८० च्या दशकात त्यांनी स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याला काही कुत्रे भेट दिले. त्यांत ‘नेड’ आणि ‘एव्हन’ नावाचे दोन कुत्रे होते. आजच्या लॅब्रॅडॉरांच्या वंशवेलीत या दोघांचं स्थान फार मोठं आहे. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबनं लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

सुरुवातीला सगळ्यांना काळाच रंग हवा असायचा. पण १८९९ साली काळ्या आईबापांच्या पोटी एक पिवळं पिल्लू जन्मलं. त्याचं नाव ‘बेन ऑफ हाइड’. नोंद झालेला तो पहिला पिवळा लॅब्रॅडॉर.

आणि न्यूफाउंडलंडच्या त्या मूळ कुत्र्याचं काय झालं? वाईट वाटेल ऐकून. तो आज जगात उरलेला नाही. १९८० च्या दशकात तिथल्या एका आडगावात शेवटचे दोन म्हातारे कुत्रे होते. दोन्ही नरच. त्यांच्यानंतर ती जात संपली. पण लॅब्रॅडॉरची जाडजूड शेपटी बघा. पाणमांजरासारखी आहे आणि पोहताना तिचा सुकाणू होतो. त्याच्या बोटांमधला पडदा बघा. अंगावरचे केसांचे दोन थर बघा, वरचा राठ नि आतला लोकरीसारखा मऊ. तो कोळ्यांचा काळा कुत्रा असा थोडाथोडा अजून जिवंत आहे.

मोच्याकडचं पिवळं पिल्लू

गोल्डन रिट्रीव्हरची गोष्ट तर एखाद्या परीकथेसारखीच आहे.

१८६५ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी एका मोच्याकडे एक पिवळं पिल्लू होतं. त्याची सगळी भावंडं काळी, हे एकटंच पिवळं. तेव्हा रिट्रीव्हर म्हणजे काळा असाच लोकांचा आग्रह. पण डडली मार्जोरीबँक्स नावाच्या एका श्रीमंत गृहस्थांना ते आवडलं आणि त्यांनी ते विकत घेतलं. हेच गृहस्थ पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झाले. पिल्लाचं नाव होतं ‘नाऊस’, म्हणजे शहाणपण!

नाऊस गेला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गूशगन इथे, मालकांच्या जहागिरीवर. तिथे १८६८ साली ‘बेल’ नावाच्या कुत्रीपासून त्याला चार पिवळी पिल्लं झाली. बेल होती ट्वीड वॉटर स्पॅनिएल जातीची. ती जातही आज नामशेष झाली आहे. पिल्लांची नावं होती एडा, काउस्लिप, क्रोकस आणि प्रिमरोझ. शेवटची तिन्ही फुलांची नावं आहेत. या चार पिल्लांपासून गोल्डन रिट्रीव्हर जातीची सुरुवात झाली.

गंमत म्हणजे कितीतरी वर्षं लोक मानत होते, की गोल्डन रिट्रीव्हर हे रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांचे वंशज! पण लॉर्ड ट्वीडमाउथ मोठे शिस्तीचे. कोणाचं पिल्लू कुठलं, याची वही त्यांनी नीट लिहून ठेवली होती. ती १९५२ साली छापून आली आणि सर्कशीची दंतकथा हवेत विरली. बघा, टापटिपीनं लिहिलेली एक वही कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही! आता दर काही वर्षांनी जगभरातले लोक आपापले गोल्डन घेऊन गूशगनच्या पडक्या वाड्यापुढे जमतात. तेव्हा हिरव्या गवतावर शेकडो सोनेरी शेपट्या हलत असतात!

पक्षी गेले, चेंडू आला

तुम्ही म्हणाल, ‘‘हे सगळं ठीक आहे हो, पण शिकार म्हणजे पक्ष्यांना मारणंच ना?’’

अगदी खरं आहे. आपल्याकडेही एके काळी गोरे साहेब आणि संस्थानिक पॉइंटर-स्पॅनिएल घेऊन पाणलावे नि बदकं मारत हिंडायचे. पण १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ साली तो आणखी कडक केला गेला. आज आपल्याकडे हौसेखातर वन्य प्राण्या-पक्ष्यांची शिकार करणं हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. परदेशात मात्र अनेक ठिकाणी परवाना घेऊन, ठरावीक हंगामात शिकार चालते आणि तिथे हे कुत्रे अजूनही आपलं जुनं काम करतात.

मग आपल्याकडच्या गन डॉगनं काय करायचं? नाक तर तेच आहे! आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी असतात पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा ताजा वास विस्कटत नाही. हेच नाक आता पोलिसांच्या कामाला आलं आहे.

१२ मार्च १९९३ या दिवशी मुंबईत ठिकठिकाणी बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसं प्राणाला मुकली. त्या भयंकर दिवसांत मुंबई पोलिसांकडे एक तरणाबांड लॅब्रॅडॉर होता. त्याचं नाव ‘झंजीर’. पुण्यात शिकून तो बॉम्बशोधक पथकात दाखल झाला होता. तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाचा होता! त्यानं वास काढत काढत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि सहा हजारांवर काडतुसं शोधून दिली. ती जर फुटली असती तर? नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येतो. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरनं झंजीर गेला. त्याला पोलिसांनी सन्मानानं निरोप दिला. मोठमोठे अधिकारी त्याच्यापुढे फुलं वाहून उभे होते.

२००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला तेव्हाही मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान हे मुंबई पोलिसांचे लॅब्रॅडॉर जिवावर उदार होऊन काम करत होते. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले आणि २०१६ सालात एकामागून एक चौघेही गेले.

आता यातली खरी मेख सांगतो. बॉम्ब म्हणजे काय, हे या कुत्र्यांना ठाऊकही नसतं. त्यांच्या दृष्टीनं तो असतो एक खेळ! विशिष्ट वास शोधायचा, सापडला की त्याला हात न लावता गुपचूप बसून राहायचं. बसलं की शिक्षक शाबासकी देतात आणि लाडका चेंडू फेकतात. पॉइंटर जसा पक्ष्यापुढे थिजायचा, रिट्रीव्हर जसा ‘जा’ म्हणेपर्यंत बसून राहायचा, तेच कसब आता माणसं वाचवतं आहे. जगात अनेक देशांत अंध व्यक्तींना रस्ता दाखवणारे कुत्रेही मुख्यतः लॅब्रॅडॉर, गोल्डन किंवा त्यांचा संकर असलेलेच असतात. बंदुकीची जागा चेंडूनं घेतली, पण माणसाच्या खुणेकडे बघत काम करायची हौस तीच राहिली.

आणि घरात हे कुत्रे इतके मायाळू का असतात, तेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. ज्याला मऊ तोंडानं पक्षी धरता येतो, तो लहान बाळाच्या हातातलं बिस्किटही अलगद घेतो. जो धडाधड बारांमध्ये शांत बसतो, तो घरातल्या आरडाओरड्यानं सहसा बिथरत नाही. शिकारीतला जोडीदार आणि घरातला मित्र हे दोन वेगळे कुत्रे नाहीतच मुळी!

आणि शेरू बिघडला!

आता पुन्हा शेरूकडे वळू. तो दीड वर्षाचा झाला आणि एक दिवस ती सहावीतली मुलगी रडवेल्या तोंडानं माझ्याकडे आली. ‘‘काका, शेरूला कुणालातरी देऊन टाकणार आहेत.’’

झालं होतं असं. आई-बाबा ऑफिसला, ही शाळेला आणि क्लासला. दुपारी आजोबा झोपले, की शेरू एकटा. त्यानं सोफ्याचा कोपरा फाडला, दाराची चौकट कुरतडली, तिचं भूगोलाचं पुस्तक फस्त केलं. खालच्या मजल्यावरचे लोक त्याच्या भुंकण्याला कंटाळले. वर वजनही भरमसाट वाढलेलं. बाबा म्हणाले, ‘‘कुत्रा डोक्यानं बिघडलाय.’’

मग त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शेरूला तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘हा दिवसभर काय काम करतो?’’

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काम? कुत्र्याला कसलं काम?

डॉक्टर म्हणाले, ‘‘अहो, दिवसभर दलदलीत धावणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. त्याला तुम्ही दोन खोल्यांत कोंडलंत, बिस्किटं चारलीत आणि वर म्हणता बिघडला! त्याला काम द्या.’’

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. सकाळी ऊन व्हायच्या आत बाबांबरोबर पाऊण तास फेरी. संध्याकाळी मैदानावर चेंडू आणायचा खेळ. दारातलं वर्तमानपत्र आजोबांना नेऊन द्यायचं काम शेरूचं. दुपारी आजोबा घरात सात ठिकाणी कोरड्या खाण्याचे दाणे लपवायचे आणि म्हणायचे, ‘‘शोध!’’ शेरू नाक जमिनीला लावून अर्धा तास गर्क. बिस्किटं बंद झाली. तीनेक महिन्यांत कुरतडणं थांबलं, भुंकणं कमी झालं आणि पुढे वजनही उतरलं. ‘देऊन टाकायचं’ हा विषय पुन्हा निघाला नाही.

लॅब्रॅडॉरच्या हावरटपणाचंही एक कारण शास्त्रज्ञांना सापडलं आहे बरं का! २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे त्यांना खाण्याची ओढ जास्त असते. २०२४ साली पुढचं कळलं. असे कुत्रे स्वस्थ पडलेले असताना इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात! म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. तेव्हा त्याच्या केविलवाण्या नजरेला भुलून आपल्या ताटातली पोळी देणं हे प्रेम नव्हे, हे लक्षात ठेवा.

पिल्लू आणण्याआधी

आता तुमच्यापैकी काहीजण आईबाबांकडे हट्ट धरणार, मला माहीत आहे! जरूर धरा, पण त्याआधी सगळ्यांनी मिळून या प्रश्नांची खरी खरी उत्तरं द्या.

१. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला कोण नेणार? परीक्षेच्या दिवसांतही? पावसाळ्यातही?

२. हा कुत्रा साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. आज तुम्ही सहावीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुमचं कॉलेजही संपत आलेलं असेल. तोवर त्याला सांभाळणार ना?

३. लस, औषधं, खाणं यांचा खर्च झेपेल ना? रेबीजची लस तर चुकवून चालतच नाही.

४. याचे केस थंड मुलखासाठी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत त्याला सावली, पाणी आणि पंखा मिळेल ना?

५. पिल्लाचे आईबाप बघितलेत का? या जातींत मागच्या पायांच्या खुब्याचा आजार असू शकतो, म्हणून आईबापांची तपासणी झाली आहे का ते विचारावं. आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला नियमानं बंदी आहे. कुणी देऊ लागला तर तिथून घेऊच नका.

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर थोडं थांबा. रस्त्यावरच्या एखाद्या गावठी पिल्लाचाही विचार करा. आपल्या हवेत मुरलेला, काटक आणि हुशार असा तो सोबती असतो. फिरायला आणि खेळायला त्यालाही हवंच, पण आपलं ऊन त्याच्या ओळखीचं असतं.

ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा कुत्र्याला कधीही देऊ नका, ते त्याला विषासारखं आहे. आणि उन्हाळ्यात त्याला बाहेर नेण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद डांबरी रस्त्याला टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या अनवाणी पायांनाही बसेल.

मी अधूनमधून शेरूच्या घरी जातो. ती सहावीतली मुलगी आता कॉलेजात आहे. शेरूचं तोंड पांढरं झालंय, जिने चढताना तो मध्ये थांबतो. मैदानावरची धावाधाव संपली, पण वर्तमानपत्राचं काम अजून त्याच्याचकडे आहे. परवा मी सकाळीच गेलो होतो. दारात पेपर पडला होता. मी सहज उचलायला वाकलो, तर आजोबांनी मला अडवलं.

‘‘थांबा हो,’’ ते म्हणाले, ‘‘तो येतोय.’’

आम्ही दोघं थांबलो. शेरू हळूहळू आला, त्यानं पेपर अलगद तोंडात धरला आणि आजोबांच्या मांडीवर नेऊन ठेवला. कागदाला एक दातही लागला नव्हता.